बुरुलचाची समजूत

बुरुलचाला साखरेचा जुना आजार. लोकरीच्या नमद्यावर नक्षी शिवण्यात साऱ्या नारीन शहरात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण वर्षभरात उजव्या डोळ्याला टाके वेडेवाकडे दिसू लागले. डोळ्यांचा डॉक्टर घरचाच, दिराचा मुलगा एर्मेक.

"डोळ्यात एक सुई, काकू. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

तोंडावर कापड घेऊन ती पडली होती. नर्सचा आवाज आला, "डॉक्टर, ही औषधाची बाटली काल उघडलेली आहे. टाकून देऊ?"

"टाकायला तुझ्या बापाने पाठवलीय? अजून चौघांना पुरेल."

सुई आत गेली.

दुसऱ्या दिवशी डोळा ठणकू लागला, समोरची भिंत धुक्यात गेली. फोनवर एर्मेक हसला, "टोचलं की दुखणारच. पाच बाळंतपणं काढलीस, एवढं सोसवत नाही?"

"कामाच्या वेळेलाच बरं दुखतं यांचं," सून चुलीपाशी पुटपुटली.

संध्याकाळी बुरुलचा डोळ्यावर हात दाबून दवाखान्यात गेली. एर्मेकने डोळ्यावर बॅटरी मारली आणि घाईने विझवली. मग म्हणाला, "थेंब घाल. सोमवारी बघू. आणि हे बघ, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ नकोस, उगाच बभ्रा होतो."

सोमवारी डोळ्यातून पू गळत होता. शेवटी मुलाने तिला राजधानीत, बिश्केकला नेलं. तिथली डॉक्टरीण कळवळून म्हणाली, "आजी, दुखायला लागलं त्याच दिवशी यायचं. तेव्हाच आत औषध सोडलं असतं तर वाचला असता डोळा."

"गेले होते ना मी. त्याच दिवशी."

डोळा काढावा लागला.

महिन्याभराने एर्मेक भाऊबंदांना घेऊन, माफीचा मेंढा घेऊन आला. "रक्ताचं नातं आहे, तक्रार केली तर पोराची नोकरी जाईल," म्हातारे म्हणाले. तिच्या नवऱ्याने तिला न विचारताच माफी देऊन टाकली. मेंढा कापला. एर्मेकने मेंढ्याच्या शिजलेल्या डोक्यातला डोळा सुरीने काढला, रिवाजाप्रमाणे आपल्या माणसाला द्यायचा म्हणून तिच्या ताटात ठेवला.

"काकू, आपली अशीच भेट होत राहो."

बुरुलचाने एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. "त्या बाटलीतून आणखी चौघांना टोचलंस ना रे? त्यांच्याकडे मेंढा कधी नेणार?"

सुरी थांबली. मग नवराच हसला, "बायकांना कुठे काय बोलावं कळत नाही. खा गं, माणसं बघतायत."

सगळे हसले. रस्सा वाढला गेला. तिने तो डोळा तोंडात घातला आणि सगळे बघत असताना चावून गिळला.