विहिरीतली सोबत

आबांचा फोन आला तेव्हा तनुजा ऑफिसात डबा उघडत होती. तिचे वडील सांडूआबा भलतेच खुशीत होते. सकाळी गारखेड्याला तिच्या घरी येऊन त्यांनी जावयाकडून तिचं पाळलेलं कासव पाटीत घालून नेलं होतं आणि करमाडच्या आपल्या विहिरीत सोडूनही दिलं होतं. कासवानं पाणी निर्मळ राहतं, ही गावाची पक्की समजूत. आबांचं एक होतंच तिथं, तळहाताएवढं. रोज ते त्याला भाकरी घालत. त्याला आता सोबत झाली, म्हणाले.

तनुजाचा घास हातातच राहिला.

चार वर्षांपूर्वी दुकानातून आणलेलं हे मेक्सिकोकडचं पिल्लू आता ताटाएवढं झालं होतं. पाठीवर तीन उभे कंगोरे, आणि डिवचलं की असा वास सोडायचं की शेजारी दारं लावून घेत. कुठं ठेवू याला, अशी रड तिनंच आबांपाशी लावली होती. हे कासव पोहतं कमी, तळाशी चालतं जास्त. जबडा एवढा जबर की गोगलगाय कवचासकट फोडतं. लहान कासवंही सोडत नाही. पण माळकरी बापाला हे कोण सांगणार? दाणे खातं, असं तिनं बिनदिक्कत ठोकून दिलं होतं.

आत्ता तरी सांगायचं. तोंडातून निघालं एवढंच, "आबा, मी येते."

जालना रोडवर प्रत्येक सिग्नल तिच्यावरच डूख धरून बसला होता. वाटेत तिनं कोंबडीचं काळीज घेतलं, आणि सुट्टे पैसेही न घेता ती निघाली. आत्ता आबांना फोन करून खरं सांगावं, असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा तिनं गाडी आणखी दामटली. भित्री कुठली!

आबा विहिरीच्या काठावर बसले होते. पाण्यावर भाकरीचे तुकडे तसेच तरंगत होते.

"चार हाका मारल्या," ते म्हणाले. "वर येईना. नवं बघून बुजलं असंल."

तनुजानं पिशवीतून काळीज काढून पाटीत बांधलं. आबांनी पाहिलं आणि मान फिरवली. दोराला पाटी बांधून तिनं ती तळाला सोडली. अर्ध्या तासानं मोठं कासव संथपणे चालत पाटीत शिरलं. ते वर ओढताना तिला पाण्याखालच्या पायरीवर छोटी पाठ दिसली. फुटलेली. आबांनाही दिसली.

तिनं पाटी काठावर टेकवली. मग आबांनी विचारलं, "काय काय खातं हे?"

तिनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, त्यांनी पाटीतल्या कासवाकडं पाहिलं.

"घरी ने," ते म्हणाले. "अन् उपाशी नको ठेवू त्याला. त्याचा काय दोष हाय?"

त्यांनी तिला शिवी घातली असती तर बरं झालं असतं. तनुजा पाटी धरून तिथंच रडत बसली.