शिक्क्यावरचा आरसा

खेमसिंग अलाहाबादहून अर्थशास्त्रात एम.ए. होऊन आला, तेव्हा तांड्यातल्या लोकांना एवढंच कळलं, की पोरगा पास झाला आणि वाळला. बाभुळगावच्या पलीकडचा पस्तीस घरांचा बंजारा तांडा. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून थेट गंगेपर्यंत जाऊन येत, असं तांड्याचे प्रमुख, नायक हिरासिंग सांगत. त्यांच्या मते पोरगं जुन्याच वाटेनं गेलं होतं, फक्त येताना माल आणला नव्हता. माल मागाहून टपालानं यायचा होता.

अलाहाबाद विद्यापीठाची पदवी दाखवली की नोकरीचा दरवाजा आपोआप उघडतो, असं नागपूरच्या एका प्राध्यापकांनी खेमसिंगला सांगितलं होतं. प्राध्यापक स्वतः तिथलेच, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला बसलेले. त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. दरवाजा उघडेपर्यंत खेमसिंगनं उमरखेडला हंगामी मास्तरकी धरली.

पदवीचा कागद आला तो एकसष्टच्या हिवाळ्यात. घरी बिजलीबाई, त्याची आई, एकटीच होती. बाप वारून सहा वर्षं झाली होती. पोस्टमननं लिफाफा फोडून दाखवला आणि बजावून सांगितलं, की ही तुझ्या पोराची डिगरी, सांभाळून ठेव, फाटली तर दुसरी भेटत नाही. दुसरी भेटते, पण सरकारी माणसाला भीती घातल्याशिवाय निरोप पोचल्यासारखा वाटत नाही.

बिजलीबाईनं विचार केला. कागद फाटतो, कापड फाटत नाही. तिनं लाल जाड कापड घेतलं, त्यावर पदवी ठेवली आणि कडेनं बारीक टाके घालायला बसली. तांड्यातून मानाची कुठलीही वस्तू बाहेर पडते ती कवड्या-आरसे लेवून; नवरीची पिशवी असो की बैलाची झूल. चार कोपऱ्यांना चार कवड्या लागल्या. कागदाच्या खाली उजवीकडं एक जांभळा गोल होता. आरसा बसवण्याआधी बाया कोळशानं तेवढाच गोल आखून घेतात. एवढ्या शिकलेल्या लोकांनी गोल आखला आणि आरसा लावायचं राहूनच गेलं, याचं तिला वाईट वाटलं. बाजारातले आरसे पातळ, म्हणून तिनं आपल्या लग्नातल्या ओढणीचा एक उसवला. आरशाभोवती कागदावर टाका धरेना, तेव्हा चिंचोक्याची खळ लावून पक्का चिकटवला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेजारची रामीबाई सुईत दोरा ओवून द्यायची. दोन महिने लागले.

मग यवतमाळच्या एका सरकारी खात्यातून खेमसिंगला मुलाखतीचं पत्र आलं. अधिकाऱ्याची जागा होती. मंगळवारी अकरा वाजता, मूळ पदवी सोबत आणावी. तो सोमवारी संध्याकाळी घरी आला. बिजलीबाईनं पेटीतून गुंडाळी काढून त्याच्या हातात दिली, आणि त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून कान त्याच्याकडं करून बसली.

"कशी झाली, बेटा?"

अलाहाबादला त्यानं मागणी-पुरवठ्यावर चार-चार पानं लिहिली होती. इथं त्यानं तीन शब्दांत आटोपलं.

"चांगली झाली, याडी," तो म्हणाला. आईला तांड्यात सगळेच याडी म्हणतात. त्या दिवशी त्याचा आवाज जरा लहानपणीचा निघाला.

मुलाखत उत्तम झाली. प्रश्न तीन आले, त्याला पाच उत्तरं येत होती. साहेब खूश झाले. विद्यापीठाचं नाव ऐकून खुर्चीत सरळसुद्धा बसले. म्हणजे प्राध्यापक अगदीच खोटं बोलले नव्हते. मग त्यांनी पदवी मागितली. टेबलावर लाल कापड उलगडलं. साहेब शिक्का बघायला वाकले, तर त्यांना स्वतःचा चष्मा दिसला.

शिक्का आरशाखाली आहे, असं खेमसिंगनं सांगितलं. साहेब चांगले गृहस्थ होते, हसले नाहीत. कलाकुसरीची स्तुती केली आणि म्हणाले, तीन वाजेपर्यंत आरसा काढून आणा.

कचेरीच्या पायरीवर बसून तो कागद कापडापासून सुटा करायला टाके उसवू लागला. मारोतराव चपराशानं पानपट्टी कापायचं पातं आणून दिलं आणि शेजारी टेकला.

"कोनं शिवलं हे?"

"माह्या आईनं."

"मंग काहून उसवून राह्यले?"

"शिक्का दाखवाचा हाय."

मारोतरावनं एक कवडी बोटानं चाचपली. "मी चवथी नापास हावो," तो म्हणाला. "माह्या कागदाले आजलोक कोनं हातच नाही लावला. वीस साल झाले नौकरीले."

टाके निघाले. त्यातल्या काहींना आत गाठी होत्या. हात चुकला तिथं आईनं उलटं येऊन पुन्हा घातलेल्या. आरसा मात्र निघेना. पातं खाली घालून त्यानं उचलला, तेव्हा आरशासोबत शिक्काही आला, आणि शिक्क्याशेजारची अर्धी सही.

साहेबांनी कागद उजेडात धरला. सकाळी त्यात ते स्वतः दिसले होते, आता भोकातून खेमसिंग दिसला. पदवी तुमची आहे यात शंका नाही, ते म्हणाले, पण शिक्का नाही. खेमसिंगनं आरसा पालथा करून टेबलावर ठेवला. शिक्का त्याच्या पाठीला होता, खळीनं कागदातून उलटा उमटलेला, पण स्पष्ट, तारखेसकट.

"हा वेगळा कागद झाला," साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

मोटारीतून येताना खेमसिंगनं उत्तर तयार केलं. पदवी साहेबांनी ठेवून घेतली, त्यांना फार आवडली, नोकरीचा हुकूम मागाहून येईल. बिजलीबाईनं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पस्तीस घरी पोचवलं आणि साहेबांच्या बायकोसाठी एक बटवा शिवायला घेतला. चार दिवस ती तांड्यातली सगळ्यात सुखी बाई होती.

पाचव्या दिवशी तिनं त्याचा कोट धुवायला घेतला. खिशात आरसा लागला. ती वाचायला शिकली नव्हती, पण तीस वर्षं डोक्यावर घेतलेला आरसा बोटांना कळायला वाचता यावं लागत नाही. तिनं पाठीवरून बोट फिरवलं. वाळलेली खळ, खळीला कागद. तिनं आरसा खिशात परत ठेवला आणि कोट न धुता खुंटीला अडकवला.

बटवा अर्धा राहिला. ओढणीतली ती जागाही तशीच मोकळी राहिली. होळीला बायांनी विचारलं तर म्हणाली, डोळे गेले आता, कायले शिवत बसू.

दुसरी पदवी अर्जावर आठ महिन्यांनी आली. तोवर खेमसिंग उमरखेडला एका कचेरीत कारकून म्हणून चिकटला होता. त्या जागेला मॅट्रिक पुरत होतं, आणि मॅट्रिकचा दाखला कुणी शिवला नव्हता.

पोस्टमननं लिफाफा पुढं केला. बिजलीबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच ठेव, भाऊ," ती म्हणाली. "त्या वरच्या फळीवर. माहा हात नोको लागाले."

त्यानं ठेवला. तो अजून तिथंच आहे. कोरा करकरीत, एकही टाका नाही.