तेरा वर्षं टिकलेला दात

विश्वंभरच्या पुढच्या दाताचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पण त्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता तो त्याचा थोरला भाऊ संतराम. डॉक्टर शितल मॅडम कागदावर दाताचं चित्र काढून समजावून सांगत होत्या. हिरडी थोडी उघडायची, मुळाचं टोक कापायचं, आतली घाण खरवडून काढायची, मागून मूळ बंद करायचं आणि टाके घालायचे. विश्वंभर मान हलवत होता आणि संतरामच्या कपाळावर घाम फुटला होता.

"मॅडम, त्याला लई तकलीफ व्हईल का?" त्यानं विचारलं.

"भूल देणार आहे मी. तुम्ही बाहेर बसा, नाहीतर तुम्हालाच चक्कर येईल."

तो बाहेर बसला नाही. दाराच्या काचेला नाक लावून तासभर उभा राहिला.

त्या दाताचं दुखणं जुनं होतं. विश्वंभर अकरा वर्षांचा आणि संतराम पंधराचा असताना शेतात विटीदांडू खेळताना संतरामनं हाणलेली विटी विश्वंभरच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, दात हलला. पुढं हलायचा थांबला, पण वर्षा-दोन वर्षांत काळवंडत गेला. विसाव्या वर्षी हिरडीला पू धरला तेव्हा मुळातली नस काढून आत खुंटी बसवली आणि वरून टोपी चढवली. तीन वर्षांनी त्याच जागी पुन्हा फोड आला. टोपी आणि खुंटी उचकटायला गेलं तर दातच मोडेल, म्हणून मुळाकडून जायचं ठरलं आणि हे ऑपरेशन झालं.

ह्या सगळ्यात संतराम त्याच्या बरोबर होता. जवळा बाजारजवळच्या त्यांच्या गावातून हिंगोलीला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. पेरणी असो, काढणी असो, तारीख आली की संतराम सकाळीच तयार. केसपेपरवर मोबाईल नंबर त्यानं स्वतःचा लिहिला. "ह्याला फोन केला तर हा येणारच न्हाई," म्हणाला. ते खरंच होतं. वर्षानं फोटो काढला तेव्हा मुळाभोवतीचा काळा डाग जाऊन हाड भरून आलं होतं. चार वर्षांनी तसंच, आठ वर्षांनीही तसंच. दर वेळी संतराम फोटो उजेडाकडं धरून बघायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"झालं ना मॅडम आता जन्माचं?"

"जन्माचं असं नाही सांगता येत. बहुतेक दात चांगले राहतात. काही मात्र बरे झाल्यावरही पुढं कधीतरी बिघडतात. बघत राहायचं."

"बघत राहू," संतराम म्हणायचा, जणू ते काम त्याच्यावर सोपवलं होतं.

गावात कुणीही दाताबद्दल विचारलं की तो आपणहून सांगायचा, "मीच बिघडवला व्हता म्हणा. लहानपणी विटी हाणली." हसतच सांगायचा. आणि विश्वंभर दर वेळी दुसरीकडं बघायचा.

कारण त्या दिवशी शेतात काय झालं होतं हे फक्त त्याला माहीत होतं. झेल मिळावा म्हणून तो पुढं पुढं सरकला होता. विटीवरची नजर न काढता संतरामनं ओरडून विचारलं होतं, "मागं सरकला का रे?" आणि विश्वंभरनं जागचं न हलता उत्तर दिलं होतं, "सरकलो!" मग विटी उडाली.

त्या संध्याकाळी त्यांचा बाप सोनाजी यानं संतरामला बैलाच्या कासऱ्यानं झोडपलं. पाठीवर वळ उठले. विश्वंभर तोंडाला फडकं धरून माईच्या मांडीवर पडला होता. बोलायला तोंड उघडत नव्हतं, हे खरं. पण आठ दिवसांनी उघडलं, तेव्हाही तो बोलला नाही. पुढं बाप गेला, संतरामचं लग्न झालं, त्याला पोरगा झाला, आणि ती गोष्ट सांगायची वेळ निघून गेली असं विश्वंभरला वाटू लागलं. भावानं त्या दातासाठी हिंगोलीच्या खेपा घातल्या, ऑपरेशनाच्या दिवशी उपास धरला, तेव्हा तर सांगणं आणखीनच अवघड झालं.

जवळा बाजारात विश्वंभरचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. जुनी तार काढायची, नवी भरायची. तारेच्या टोकाचं प्लास्टिक दातानं ओढून काढायची त्याला सवय होती. संतराम दुकानात असला की डाफरायचा, "पक्कड कशाला हाय? दात काय फुकट भेटला का तुला?" आणि हातातली तार हिसकावून स्वतः सोलत बसायचा. त्याच्या धाकानं ती सवय सुटली होती.

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, कापून रचलेली सोयाबीनची सुडी झाकायला संतराम शेतात गेला. आभाळ भरून आलं होतं. ताडपत्रीचं एक टोक त्यानं दगडाखाली दाबलं होतं, दुसरं तसंच राहिलं. वीज पडली. विश्वंभर पोचला तेव्हा लोकांनी त्याला बांधावर आणून ठेवलं होतं, आणि ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. संतराम तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

त्यानंतर विश्वंभर पुन्हा दातानं तार सोलू लागला. कधी लागला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संतरामचा मोबाईल त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, बंद केला नव्हता. गेल्या कार्तिकात एक दिवस ती तोच फोन हातात घेऊन दुकानात आली.

"भाऊजी, हिंगोलीच्या दवाखान्यातून फोन आला व्हता. ह्यांच्या नंबरवर. जुन्या पेशंटांचे दात कसे टिकले ते मॅडम बघून राहिल्या म्हणे. तुमाला बोलावलंय." मग जरा थांबून म्हणाली, "त्या पोरीनं विचारलं, संतराम आहेत का. मी म्हणलं, बाहेर गेलेत."

विश्वंभर हातातली मोटार खाली ठेवून बसून राहिला. दोन महिन्यांपासून त्या दाताच्या हिरडीला बारीकशी सूज होती, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण?

"जा तुमी," शालूबाई म्हणाली. "ते असते तर वढत नेलं असतं."

तो एकटाच गेला. औंढ्याला बस बदलताना सवयीनं त्यानं दोन चहा सांगितले, आणि एक परत केला.

शितल मॅडमच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. त्यांनी त्याला ओळखलं, आणि लगेच दाराकडं बघितलं. "भाऊ कुठं आहेत?"

त्यानं सांगितलं. मग त्यांनी हातमोजे चढवले.

बारीक सळईनं त्या दाताच्या कडेनं हिरडी मोजत गेल्या. सगळीकडं सळई थोडीच जात होती. एका ठिकाणी मात्र एकदम खोल गेली. त्यांनी फोटो काढला, दोनदा बघितला.

"मी कापलं होतं ते टोक अजून चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "तिथं काहीच बिघडलं नाही. पण मूळ उभं तडकलंय, विश्वंभर. तड गेलेल्या मुळाला काही करता येत नाही. काढावा लागेल."

"कशानं तडकलं?"

"समोरच्या दातांनी काही ओढता का? कडक काही?"

"तार सोलतो."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "तारेमुळंच, असं मी छातीठोक सांगणार नाही. नस काढलेला, आत खुंटी असलेला दात मुळात कमजोर असतो. काही नुसती वर्षं गेली की तडकतात. तेरा वर्षं टिकला. कमी नाहीत तेरा वर्षं."

विश्वंभरच्या कानात मात्र "पक्कड कशाला हाय?" एवढंच वाजत होतं.

भूल चढायची वाट बघत असताना मॅडम जुना केसपेपर चाळत होत्या. एकदम म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी? आठ वर्षांच्या तपासणीला तुम्ही फोटोसाठी आत गेला होतात. तेव्हा तुमच्या भावानं मला हळूच विचारलं, ह्याचा दात कधी गेलाच, तर माझा काढून ह्याला बसवता येईल का? मी हसले. म्हटलं, असं होत नसतं. तर म्हणाले, मग त्याला सांगू नका, मी विचारलं ते."

विश्वंभरला हसू आलं. बधिर झालेला ओठ एका बाजूनं वाकडा झाला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून वाहू लागले. मॅडमनी त्याच्या हातात कापूस दिला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

दात काढायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन तुकड्यांत आला.

तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याची माय पार्वतीबाई ओसरीवर हरभऱ्याचा पाला निवडत होती, शालूबाई अंगणात भांडी घासत होती. माईला आता फार कमी ऐकू यायचं. तिनं त्याच्या तोंडातली फट बघितली.

"काढला व्हय? बिचाऱ्या संतरामनं लई जपला व्हता." ती पाला निवडत राहिली. "लई मनाला लावून घेतलं त्या लेकरानं. त्याच्या हातून झालं ना."

"त्याच्या हातून न्हाई झालं," विश्वंभर म्हणाला.

"काय?"

"माय, त्याची चूक नव्हती."

"मोठ्यानं बोल, बाबा."

तोंडात कापसाचा बोळा होता. त्यानं तो काढून टाकला आणि मोठ्यानं सांगितलं. दादानं विचारलं होतं, मागं सरकला का. मी न सरकताच सरकलो म्हणालो. तिला अर्धंच कळलं. त्याला पुन्हा सांगावं लागलं, आणखी मोठ्यानं. शेजारच्या ओसरीवरचं बोलणं थांबलं. पंचवीस वर्षं तोंडातून न निघालेलं वाक्य तो आता अंगणभर ओरडून सांगत होता, आणि ओठाच्या कडेनं रक्त हनुवटीवर आलं होतं.

भांड्यांचा आवाज थांबला. शालूबाई राखेचे हात तसेच धरून ओसरीपाशी आली.

"आमच्या पोरानं एकदा विटीदांडू करून आणला व्हता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ह्यांनी त्याच्या हातातून घेऊन चुलीत घातला. लेकरू दिवसभर रडलं. मी भांडले, खेळू काहून देत न्हाई म्हणून. रात्री जेवले न्हाईत. मला म्हणाले, माझ्या हातून भावाचं तोंड फुटलंय, तुला काय कळायचं." ती विश्वंभरकडं बघत राहिली. "एकदा सांगितलं असतं भाऊजी. कवा बी. एक वाक्य तर व्हतं."

ती परत जाऊन भांडी घासायला बसली, पण बराच वेळ तिचे हात नुसतेच परातीत होते.

माईनं पदरानं त्याची हनुवटी पुसली. तो छत्तीस वर्षांचा बाप्या, पण तिनं लहान पोराची पुसावी तशीच पुसली.

"त्याला सांगितलं व्हतंस का रे?" तिनं विचारलं. "संतरामला?"

त्यानं मान हलवली. नाही.

माईनं पदर खाली सोडला. सूप पुढं ओढलं, आणि हरभऱ्याचा पाला पुन्हा निवडू लागली.