धम्मानंदची डबी

छप्पन्न साली दीक्षा घेऊन बाबा आमच्या गावी, खाप्याला परतले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. अंगणात उभे राहून ते म्हणाले, "आजपासून मेलेलं ढोर ओढणार नाही. कोणाचीच घाण हाती धरणार नाही." पुढच्या वर्षी भाऊ झाला. घरातलं पहिलं नवं नाव त्याला मिळालं, धम्मानंद. त्याला पांढऱ्या शर्टात शाळेत नेताना माय रस्त्याच्या मधोमध चालायची. ती चाल मला अजून दिसते.

तोच धम्मानंद गेल्या वर्षी, नागपुरात आमच्या वस्तीत, दारात आलेल्या दिपाली या आशा सेविकेवर ओरडत होता. तिच्या हातात लहानशी डबी होती. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. काडीनं थोडा संडास डबीत घालायचा आणि विहारातल्या शिबिरात नेऊन द्यायचा.

"डबीत काहून वं? टिफिनच भरून आणतो ना!"

गल्ली हसली.

"काका, तुम्हाले रक्त पडते म्हणे."

"मिरचीनं पडते. बापानं घाण सोडली, अन् मी आपली घाण घेऊन विहारात जाऊ?"

मी म्हटलं, "जीव जाईन ना गा!"

"इज्जत तर राहीन, बाई."

बाबाच बोलल्यासारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बाबांचा राग आला.

तरी डबी गेली. रिपोर्ट चांगला आला. धम्मानंद ठेचा खात गल्लीभर सांगत फिरला, "म्हणत होतो ना, मिरची!" रक्त पडतच राहिलं. शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याची बायको गोपिका मला मोरीपाशी घेऊन गेली. "बाई, डबीत माझं होतं. रोज भांडण होऊन राहिलं होतं. एकाच चुलीवरचं खातो, मले वाटलं रिपोर्टही एकच येईन."

"दिपालीले सांग."

"लोक म्हणतीन, बायकोनंच मारलं."

परवा दिपाली पुन्हा डब्या घेऊन आली. शेजारच्या कांताबाईनं दार अर्धंच उघडलं. आत तिचा मुलगा अंकुश पोट धरून पडला होता.

"राहू दे वं. धम्मानंदचा रिपोर्ट चांगला होता, तरी मेला ना? झूठी आहे तुमची तपासणी."

बाजूला उभ्या गोपिकाला मी म्हटलं, "गोपिका, सांग."

गोपिकानं पदर सारखा केला.

"काय सांगू, बाई? कांताबाई खरंच बोलते."