मला थोडे गळू द्या

मित्रांनो, मी एक जुनी छागळ आहे. छागळ म्हणजे प्रवासात पाणी गार ठेवणारी जाड कापडाची पिशवी. लाकडी बूच आणि खांद्याशी एक दोरी, एवढाच माझा संसार. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण मी ज्या खिळ्याला टांगलेली होते, त्याच खिळ्याला एक पत्र कित्येक वर्षे टोचून ठेवले होते. त्याला उत्तर गेलेच नव्हते. वारा आला की ते माझ्या पोटावर हलकेच टकटक करी, जणू विचारत असे, "काय ठरलं?" त्या टकटकीमुळेच मी धीर करून बोलते आहे.

तंबू शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने उरलेल्या तुकड्यांतून मला शिवले. मला विकत घेतले ते लांब पल्ल्याच्या बसच्या ड्रायव्हरने. पैसे खिशात टाकता टाकता कारागीर म्हणाला, "पहिलं पाणी ओतून द्या, कापडाचा वास येतो. आणि ही थोडी गळणार. गळू द्या."

ड्रायव्हरने मला बसच्या बाहेर, आपल्या खिडकीजवळच्या आरशाच्या दांडीला टांगले. आमचा रस्ता उघड्या माळावरून जाई. दुपारी आकाश पांढरेफटक होई. दूर रस्त्यावर पाणी साचल्यासारखे दिसे आणि आम्ही जवळ गेलो की ते आणखी पुढे सरके. मी अर्धवट झोपेत झुलत असे. माझे पाणी धाग्याधाग्यातून बाहेर पाझरे, वारा ते चाटून पळून जाई, आणि दर वेळी माझ्या पोटातले पाणी थोडे अधिक गार होई. जे जात होते, त्यानेच उरलेले निवत होते. हे कसे, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. थांब्यावर प्रवासी घोटभर पीत आणि म्हणत, "अहो, बर्फ टाकलाय की काय!" मी लाजून आणखी दोन थेंब गाळी.

ते थेंब बसच्या कंडक्टरला मात्र खपत नसत. त्याला सगळे टापटीप म्हणत. त्याच्या शर्टाची घडी संध्याकाळीही मोडलेली नसे. वाऱ्याने माझे शिंतोडे उडून त्या शर्टावर डाग पडत.

"दादा, या तुमच्या बाईसाहेबांना पदरी बाळगणं महागात पडतंय," तो म्हणे. "निम्मं पाणी रस्ताच पितो."

"पिऊ दे. त्यालाही ऊन लागतं," ड्रायव्हर हसून म्हणे.

एकदा ड्रायव्हर रजेवर असताना टापटीपने मला काढले, उन्हात वाळवले आणि सगळ्या अंगाला मेणबत्ती घासली. मेण वितळून माझ्या विणीत मुरले. मी अगदी तुकतुकीत दिसू लागले. एक थेंब गळेना. मला वाटले, आता कुठे मी शहाणी झाले. ड्रायव्हर परत आला, गाडी माळावर निघाली, आणि दुपारी त्याने पहिला घोट घेतला. त्याने तोंड वाकडे केले.

"टापटीप, हा चहा कुणी केला? साखर विसरला की रे!"

टापटीप काही बोलणार, एवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, "काका, गाडी थांबवा! आजोबा कसंतरी करतायत."

ती आपल्या आजोबांबरोबर प्रवास करत होती. आजोबा बाकावर कलंडले होते. चेहरा लालबुंद, अंग तापलेल्या पत्र्यासारखे. नातीचा हात धरून ते म्हणत होते, "आई, दार लाव ना. किती ऊन येतंय." मुलगी रडत होती. आजोबांशिवाय तिच्याबरोबर कुणी नव्हते.

"दादा, गाडी सावलीत घ्या," टापटीप म्हणाला.

"सावली आहे कुठे इथे?" ड्रायव्हर गाडी थांबवून मागे आला. त्याने आजोबांच्या कपाळाला, मानेला हात लावला. "कोरडे ठणठणीत आहेत. यांचा घाम बंद झालाय." मग त्याने खिडकीतून माझ्याकडे पाहिले आणि माझ्या तुकतुकीत अंगावर त्याची नजर थांबली. "आपल्या छागळीसारखा."

टापटीपचा चेहरा उतरला. पण ड्रायव्हरला रागवायला वेळ नव्हता.

"चादर आहे कुणाकडे? पातळशी. यांना खिडकीपाशी आणा, सगळ्या खिडक्या उघडा. टापटीप, छागळीतलं पाणी चादरीवर ओत."

"पण दादा, पाणी तर गरम आहे!"

"असू दे. वारा त्याचं काम करील. गाडी थांबवायची नाही आता."

मित्रांनो, मग मी एक स्वप्नासारखी गोष्ट पाहिली. आजोबांच्या अंगावर ओली चादर होती. टापटीप माझ्यातून थोडे थोडे पाणी तिच्यावर शिंपडत होता. त्याचा शर्ट चिंब झाला होता, आणि त्याला त्याचे भान नव्हते. बस माळावरून धावत होती, वारा आत घुसत होता, चादर वाळत होती, पुन्हा भिजत होती. माझे रोजचे काम ती चादर करत होती. मी रिकामी होत गेले. शेवटचे पाणी निथळले तेव्हा आजोबांनी डोळे उघडले आणि नातीला तिच्या लाडक्या नावाने हाक मारली. पुढच्या गावात दवाखाना होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

त्या संध्याकाळी टापटीपने मला सोड्याच्या पाण्यात उकळले. मेण तरंगून वर आले, त्याने ते चमच्याने काढले, पुन्हा उकळले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गळू लागले, तेव्हा त्याने आपणहून आपला शर्ट माझ्या शिंतोड्यांत धरला.

काही दिवसांनी मुलीचे पत्र आले. "ड्रायव्हरकाका, आजोबा बरे आहेत. त्यांना पुन्हा फिरायला जायचंय, पण आई म्हणते, उन्हाळ्यात उंबरा ओलांडायचा नाही. तुमच्या छागळीसारखी पिशवी आणली तर सोडीन, असं तिने कबूल केलंय. ती कुठे मिळते?"

ड्रायव्हर लगेच कारागिराच्या दुकानावर गेला. दुकान कायमचे बंद झाले होते. "चौकशी करून लिहितो," असे म्हणत त्याने पत्र आपल्या खोलीतल्या खिळ्याला टोचले. चौकशी लांबली. मग इतक्या उशिरा काय लिहायचे, याची लाज वाटू लागली. पुढे बंद काचांच्या गार बस आल्या, तो निवृत्त झाला, आणि मी त्याच खिळ्याला कोरडी टांगलेली राहिले. कोरडेपणाने माझी एक शिवण उसवली.

परवा टापटीप भेटायला आला. केस पिकलेले, शर्ट तसाच कडक. त्याची नजर पत्रावर गेली.

"दादा, याला उत्तर नाही दिलंत?"

"काय देऊ? कुठे मिळते ते कळलंच नाही. आणि आता ते आजोबा असतील का?"

"नसले तर पोरगी असेल. उन्हाळा तर असेलच की."

ड्रायव्हर माझ्याकडे पाहू लागला. मग उठला, मला खिळ्यावरून काढले आणि म्हणाला, "सुई-दोरा दे. कुठे मिळते, विचारलंय ना तिने? इथे मिळते."

त्याने शिवण घातली. दोघांनी मला बादलीत भिजवले, टांगून पाहिले, वाळवले. तेव्हा त्याचा हात माझ्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

मित्रांनो, तुम्हाला कधी कुठे माझी एखादी बहीण भेटली, तर तिला अडगळीत कोरडी ठेवू नका. तिला पाणी द्या, वारा द्या. ती गळते म्हणून तिचे तोंड, तिचे अंग बंद करू नका. आणि उन्हात कुणाचा घाम आटलेला दिसला, तर तिच्यातले पाणी राखून ठेवू नका.

पोस्टात कारकुनाने मला उचलून पाहिले.

"रिकामी पिशवी पाठवताय, आजोबा?"

"हो. ती तिकडे भरतील," ड्रायव्हर म्हणाला.

त्याने ते जुने पत्र माझ्या बुचाला बांधले, कागद गुंडाळला, आणि शिक्का पडला.