बेचाळीसचं कुंड

सोलबोर्गला हसू आवरेना. वरून बर्फ भुरभुरतोय आणि गावच्या तरणतलावाची ही व्यवस्थापक हातात थर्मामीटर घेऊन गरम कुंडाच्या काठावर उकिडवी बसून खुसूखुसू हसतेय.

झालं होतं असं. पाण्याचं तापमान सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरसाठी कंपनीने सकाळीच दुरुस्तीचा एक पॅच पाठवला होता. सोबत सूचना होती: काही ठिकाणी पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. आधी हाताने मोजा. चूक असेल आणि तिचा कुणाला त्रास होत असेल, तरच पॅच टाका. उगाच टाकू नका.

पडद्यावर बेचाळीस होतं. थर्मामीटरवर अडतीस. म्हणजे शेजारच्या पोराटोरांच्या कुंडाइतकंच!

या बेचाळीसच्या कुंडात गावातली तालेवार म्हातारी मंडळी बसायची आणि त्यांचे म्होरके होते तिचे वडील, इंगिमुंदुर. हृदय अधू झालेलं. चाळिसाच्या वरचं पाणी म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी बजावलेलं. "पोरांच्या कोमट पाण्यात बसू? त्यापेक्षा मेलेलं बरं!" म्हणून हा हट्टी माणूस त्याच संध्याकाळी इथे येऊन बसला. तेव्हापासून सोलबोर्ग काचेआडून त्यांच्यावर डोळा ठेवून असायची. त्यांनी नुसते डोळे मिटले तरी ती दाराकडे धावायची.

"दात काय काढतेस गं?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, कंपनी विचारतेय, या पाण्याचा कुणाला काही त्रास?"

"त्रास पाण्याचा नाही, याचा आहे," कुंडात शेजारी बसलेल्या फ्योलाबाई म्हणाल्या. "काल 'भाजलो, भाजलो' करून डोकं खाल्लं माझं."

"मी? बटाट्यासारख्या उकडून तुम्ही निघालात! सोलबोर्ग, कळव त्यांना, आमच्या पाण्याला हात लावाल तर याद राखा!"

ती आत धावली आणि उत्तर पाठवून मोकळी झाली: चूक आहे. त्रास नाही. पॅचची गरज नाही.

मग तिने पोहण्याचे कपडे चढवले, अंगावर पाणी घेतलं आणि बर्फातून अनवाणी पळत कुंडाशी आली. किती महिन्यांनी तिला एवढं हलकं वाटत होतं!

"जपून गं, पोळशील!" वडील ओरडले.

तिने पाय सोडले. छान कोमट पाणी. तिने वडिलांच्या लालबुंद, अभिमानी चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळा तलाव वळून बघेल अशी किंकाळी फोडली, "आई गं! मेले, मेले!"

"होईल हो सवय," वडील खुशीत म्हणाले आणि तिच्यासाठी सरकून बसले.