स्कॅनच्या खोलीतला पाण्याचा डबा

मी पाण्याचा डबा बोलतोय. पण माझ्यातलं पाणी कधी कुणी प्यायलं नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा, माणसाच्या डोक्याएवढा, दोन्ही बाजूंनी बंद असा मी. शिरूरच्या एका दवाखान्यात, सीटी स्कॅनच्या खोलीत माझं आयुष्य गेलं.

मला घडवून घेतलं तेजश्रीनं. तळेगाव ढमढेऱ्याची पोर, पुण्यात इंजिनिअरिंगचं संशोधन करायची. तिनं कॉम्प्युटरमध्ये अख्खा स्कॅनर उभा केला होता, नुसत्या आकड्यांचा. किरण कसे निघतील, पाण्यात किती अडतील, पलीकडे किती पोचतील, सगळं त्यात होतं. त्या आकड्यांच्या मशीनमधून माझं चित्रही निघायचं. पण ते खरं कशावरून? म्हणून १९९९ साली मला लेथवर कापून, घासून तयार केलं. खऱ्या मशीनमध्ये मला घालायचं आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. जुळली तर तिचा प्रोग्राम बरोबर.

महिन्यातून एका रविवारी ती यायची. जीपच्या हिसक्यांनी माझ्यात बुडबुडे व्हायचे, म्हणून तिनं मला दवाखान्यातच ठेवायचं ठरवलं. मशीन चालवणारा जालिंदर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की ताई. त्यो काय खायला मागतोय?"

दोन-अडीच वर्षं चित्रं जुळली. मग २००२च्या फेब्रुवारीत माझ्या खऱ्या चित्रात मधोमध एक काळसर ठिपका उमटला. कॉम्प्युटरच्या चित्रात तो नव्हता. तेजश्रीनं माझं पाणी बदललं, बुडबुडा शोधला, मला फिरवून ठेवलं. ठिपका हलेना.

"डॉक्टर, मशीनचा किरण टिपणारा मधला डिटेक्टर बिघडलाय," ती म्हणाली.

"मुंबईहून माणूस बोलावतो. पण तोवर बंद कसं ठेवू? अपघाताचे पेशंट कुठं पाठवू?" दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी वढूकडच्या वस्तीवरून गिताबाई आली. सहा महिने डोकं ठणकत होतं. सोबत नवरा, ज्ञानू. ती टेबलावर डोळे मिटून पडली. कपाटावरून मला पडदा दिसत होता. तोच ठिपका, त्याच जागी.

अहो, तो तिचा नाही! माझ्यातही आहे! पण डब्याला तोंड कुठलं?

नेमके डॉक्टर त्या दिवशी गावाला गेले होते. बदली आलेल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. जालिंदर चाचरत म्हणाला, "सर, त्या डब्यातपण असंच..."

"डब्याचं मला काय सांगतोस?" डॉक्टर ज्ञानूकडे वळले. "मेंदूत गाठ दिसतेय. पुण्याला न्या. ऑपरेशन लागेल."

गिताबाई टेबलाची कड धरून उभी राहिली. "डोकं उघडून घ्यायला मी न्हाई जायची कुठं."

मार्चमध्ये तेजश्री आली, तेव्हा जालिंदरनं तिला सगळं सांगितलं. तिनं माझी आणि गिताबाईची फिल्म खिडकीशी शेजारी धरली. तशीच मला आणि दोन्ही फिल्म पिशवीत घालून ती वढूच्या जीपमध्ये बसली.

वस्तीवर मांडवाच्या मेढी अजून उभ्या होत्या. गिताबाई गहू निवडत होती.

"मावशी, तो ठिपका मशीनचा आहे. बघा, या डब्याच्या फोटोतही तसाच आलाय. पुण्याला पुन्हा तपासू, पण घाबरू नका."

ज्ञानूनं मला दोन्ही हातांत धरून उन्हात पाहिलं. "ह्याच्यात तर निस्तं पाणी हाय."

"हो, मामा."

त्यानं मला गिताबाईच्या सुपाशेजारी ठेवलं.

"म्हंजी मी मरत न्हाई?" गिताबाईनं विचारलं. मला वाटलं, आता ती हसेल. तिनं पदरात तोंड लपवलं. "माझ्या डोळ्यादेखत व्हावं म्हनून लेकीचं, सुषमाचं लगीन लावून दिलं, ताई. दौंडला. बुधवारी. बारावीचे पेपर चालू व्हते तिचे. लई रडली."

पुण्याच्या मशीनमध्ये गिताबाईचं डोकं स्वच्छ निघालं. दुखणं नजरेचं होतं, चष्म्यानं थांबलं. तेजश्री दौंडला सुषमाकडेही जाऊन आली. मला नेलं नव्हतं. परतल्यावर जालिंदरनं विचारलं, "काय म्हनली पोरगी?" तेजश्री माझं झाकण पुसत होती. पुसता पुसताच तिनं सांगितलं, "म्हणाली, आता सांगून काय उपयोग, ताई?"

मशीन दुरुस्त झालं. जालिंदर रोज पहिल्या पेशंटच्या आधी मला आत घालून ठिपका नाही ना, ते बघायचा. चार वर्षं त्यानं कधी चुकवलं नाही. मग त्याला सणसवाडीच्या कंपनीत नोकरी लागली. तेजश्री बंगलोरला गेली. तिच्या प्रोग्राममध्ये मी अजून काठोकाठ भरलेला असेन, एकही बुडबुडा नसलेला. इथं माझ्या झाकणाला तडा गेलाय, पाणी पाझरून निम्म्यावर आलंय. नवा ऑपरेटर दार मिटू नये म्हणून मला त्याच्यापुढं ठेवतो. मशीन न तपासताच माणसं थेट आत जातात.

आता बाहेरच्या बाकावर पाच जण बसलेत. पहिल्या बाईचं नाव पुकारलंय. ती चपला काढून माझ्यावरून पाय टाकून आत निघालीय.

अहो, दोन मिनिटं थांबा. माझं पाणी भरा. तिच्या आधी मला आत घाला.